दुखणं गिऱ्हाइकापुढे

दादरच्या साडीच्या दुकानात दुपारी चारच्या सुमाराला गादीवर तीस-पस्तीस साड्या उलगडून पडलेल्या असतात. पोऱ्या माळ्यावरून आणखी एक गठ्ठा खाली सोडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा मोरपंखीत दाखवा ना." समोरचा सेल्समन गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणतो, "दाखवतो की ताई. दोन महिने झाले, मणका सरकलाय. डॉक्टर म्हणतात वाकायचंच नाही. पण काय करणार?" तो कपाटाकडे वळतो न वळतो तोच मागून आवाज येतो, "राहू द्या, राहू द्या. यातलीच बघते."

मोरपंखी साडी कपाटातच राहते. ताई एक तर मनाविरुद्ध दुसरीच कुठली तरी घेतात, नाहीतर "येते पुन्हा" म्हणून पायऱ्या उतरतात आणि पुन्हा येत नाहीत. मालकाची विक्री गेली, सेल्समनचं कमिशन गेलं. मणका होता तिथेच आहे.

गिऱ्हाइकाला आपल्या तब्येतीची कहाणी ऐकवू नये असं म्हटलं की ते माणुसकी सोडून बोलल्यासारखं वाटतं. मुंबईत तर जास्तच. इथे वाणी, न्हावी, इस्त्रीवाला यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय व्यवहार पुरा झाल्यासारखा वाटत नाही, आणि ते चांगलंच आहे. "काय मामा, बरं आहे ना?" या प्रश्नाला "चाललंय" हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पुरत आलंय. विचारणाऱ्याला आपुलकी दाखवायची असते, समोरच्याला ती पोचल्याचं सांगायचं असतं. त्या जागी मूळव्याधीच्या ऑपरेशनचा साद्यंत वृत्तांत आला, की विचारणारा पुढच्या वेळी नुसती मान हलवून पुढे जातो. म्हणजे अतिबोलण्याने पहिला बळी जातो तो त्या साध्या विचारपुशीचाच.

शिवाय ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा उठून जाता येत नाही. ब्युटी पार्लरमध्ये हे अगदी जवळून दिसतं. आयब्रो करताना गिऱ्हाईक मान मागे टाकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी पापणी आणि कपाळ ताणून धरतं. दोऱ्याचं एक टोक काम करणाऱ्या मुलीच्या दातात, पीळ बोटांत. दातात दोरा असेपर्यंत तिला बोलता येत नाही. बोलणं सुरू होतं ते पावडर लावून दुसऱ्या भुवईकडे वळताना. एक भुवई कोरलेली आणि दुसरी झुडपासारखी, अशा अवस्थेत कोण उठून जाईल? केसांना रंग लावला की तो चढायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात, फेशियलला तासभर जातो आणि त्यातला बराच वेळ डोळ्यांवर कापूस असतो. एवढ्या वेळात पाळीचा त्रास, सोनोग्राफीत दिसलेली गाठ, डॉक्टर काय म्हणाले, मग दुसरे डॉक्टर काय म्हणाले, सगळं होतं. मुलीच्या मनात वाईट काही नसतं. पण खुर्चीतली बाई पैसे मोजून तासभर स्वस्थ पडायला आलेली असते. पर्समध्ये तिचा स्वतःचाच रिपोर्ट घेऊन ती आली असेल, तर ते त्या मुलीला कळायला काही मार्ग नाही.

कहाणी आणि बिल यांची वेळ जुळून येते तेव्हा आणखी एक गोम होते. औषधांचा खर्च सांगून झाला की लगेच पैसे द्यायची वेळ येते, आणि वीसच्या जागी शंभराची टिप जाते. ॲपवरून घरी येणाऱ्या कारागिराच्या बाबतीत टिपेच्या जागी पाच स्टार असतात. गिऱ्हाईक देतं, पण दरवाजा लावताना त्याच्या मनात शंका येते की हे सगळं त्यासाठीच होतं का. अशी शंका दोन-तीनदा आली की चौथ्या वेळी जो खरोखर तापाने फणफणलेला असतो, त्याच्यावरही विश्वास बसत नाही.

मग सांगावं किती? दुखण्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामात, वेळेत किंवा सुरक्षिततेत जो फरक पडणार आहे तेवढा फरक सांगावा. दुखण्याचं नाव, इतिहास, खर्च आणि उपचार यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्या शिंप्याचं उदाहरण घ्या. लेन्स कुठली बसवणार, ड्रॉप दिवसातून कितीदा घालायचे, हे गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. "शिवण 20 तारखेनंतर सुरू करतोय, ब्लाउज 26 ला मिळतील, कार्य त्याआधी असेल तर आत्ताच दुसरीकडे टाका," हे मात्र सांगायलाच हवं, आणि तेही कापड हातात घ्यायच्या आधी. बहुतेक ठिकाणी घडतं ते नेमकं उलटं. ऑपरेशनची कथा सविस्तर, आणि तारखेचं विचारलं की "या ना पुढच्या आठवड्यात, बघू." लग्न तोंडावर आलं की भांडण त्या तारखेवरून होतं, आणि मग शिंपी म्हणतो, लोकांना आजारपणाचं काही वाटत नाही.

मालिश करणारीचा अंगठा सुजला असेल तर "आज दाब कोपराने देते, कमी वाटला तर सांगा" एवढं पुरे. इलेक्ट्रिशियनची कंबर धरली असेल तर "खालचे बोर्ड आज बघतो, पंख्यासाठी शिडीवर मुलगा उद्या चढेल." खिडकीवरच्या क्लार्कला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर "या बाजूने बोला." यातल्या कुठल्याच वाक्यात लपवाछपवी नाही. वाक्य "माझं" ने सुरू होतंय की "तुमचं" ने, एवढं बोलायच्या आधी मनात तपासलं तरी निम्मी कटकट टळते. "माझी कंबर गेलीय" आणि "तुमचा पंखा उद्या होईल" या दोन्हींमागे दुखणं एकच आहे. दुसऱ्यात गिऱ्हाइकाला पुढचं ठरवता येतं.

काही धंद्यांत मात्र गप्प बसणंच चूक ठरतं. रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याने वांद्र्यापासून अंधेरीपर्यंत आपल्या साखरेचे आकडे सांगितले तर मागचा माणूस रस्त्याऐवजी ड्रायव्हरच्या हाताकडे बघत बसतो, आणि त्यातून साधत काहीच नाही. पण इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर ती तक्रार राहत नाही. गाडी डावीकडे घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि सांगायचं, "साखर उतरलीय. मला थांबावं लागेल. घाई असेल तर दुसरी गाडी पकडा." मग 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. रक्तातली साखर 70 च्या खाली असेल तर तेच पुन्हा. इथे नेहमीची चूक म्हणजे बिस्किटाचा पुडा फोडणं किंवा चॉकलेट खाणं. त्यातल्या तुपातेलामुळे साखर रक्तात उशिरा उतरते आणि तेवढ्यात माणूस आणखी ढासळतो. बिस्किटं, पोळी वगैरे नंतर, साखर वर आल्यावर. दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की लगेच गाडी काढणं. आकडा वर आला तरी लक्ष आणि हाताचा वेग ताळ्यावर यायला आणखी पाऊण तास धरावा. आणि ग्लुकोजची पुडी हँडलपाशी, हाताला लागेल अशी ठेवावी. मागच्या डिकीत ठेवलेली ऐन वेळी उपयोगाची नाही.

खाण्याच्या धंद्यात तर याचे लेखी नियमच आहेत. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या परवाना नियमांतल्या परिशिष्ट 4 प्रमाणे अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, आणि संसर्गाचा आजार किंवा उघडी जखम असलेल्याने अन्नाला हात लावता कामा नये. जुलाब, उलट्या, कावीळ, ताप, पिकलेला फोड, वाहणारा कान, यातलं काहीही झालं तर ते सांगायचं, पण मालकाला, आणि पोळीच्या पिठाला हात लावायच्या आधी. "सकाळपासून पोट बिघडलंय हो" असं वडापाव बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगणाऱ्याने दोन चुका केलेल्या असतात आणि त्यातली बोलण्याची चूक लहान आहे. त्याला गाडीवर उभं करणाऱ्याची तिसरी.

औषधाच्या दुकानातलं बोलणं सगळ्यात निसरडं. "मीपण हीच घेतो, मला तर हिच्याने चक्कर यायची, मग मी अर्धीच घ्यायला लागलो." सांगणाऱ्याच्या लेखी हा अनुभव आहे. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसासाठी तो सल्ला होतो, कारण तो पांढऱ्या शेल्फांसमोरून, औषधवाल्याच्या तोंडून आलेला असतो. रक्तदाबाची गोळी घरी जाऊन अर्धी केली जाते, आणि डॉक्टरांना महिन्याने कळतं की आकडा का उतरत नाही. औषध नियमांतल्या शेड्यूल एच आणि एच-1 या याद्यांमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. एच-1 ची तर वेगळी नोंद तीन वर्षं जपावी लागते. कायद्याने गोळी देण्यावर एवढा पहारा ठेवलाय आणि डोस मात्र गप्पांत बदलतो. औषधविक्रेत्याने स्वतःच्या शरीराचा दाखला कधीच देऊ नये, चांगला अनुभव असला तरी नाही. चक्कर येते का असं गिऱ्हाइकाने विचारलं तर "काहींना येते, गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा" इथे थांबावं.

आता मूळ दुखण्याकडे. हे सगळं गिऱ्हाइकाच्या कानावर येतं कारण ज्याने ऐकायला हवं त्याचा कान बंद असतो. सेल्समनला वाकायची मनाई आहे हे ताईंना कळून उपयोग काय? त्याला माळ्याच्या कामातून सोडवणं ताईंच्या हातात नाही, मालकाच्या आहे. मालकाला सांगितलं तर दिवसाचा पगार कापला जाईल किंवा "मग घरीच बस" असं ऐकावं लागेल, ही भीती असते, आणि ती उगाच नसते.

दिवसभर उभं राहण्याचंच घ्या. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त पायात साचतं, घोट्याशी सूज येते, आणि वर्षानुवर्षांनी शिरा फुगतात. काउंटरमागे एक उंच स्टूल, पायाखाली जाड रबरी मॅट, आलटून पालटून पाय टेकायला चार-सहा इंच उंचीची फळी, एवढ्याने बराच फरक पडतो. हा सगळा खर्च एका चांगल्या पैठणीच्या किमतीतून भागून पैसे उरतील. तरी अनेक शोरूममध्ये स्टूल नसतं, कारण बसलेला माणूस आळशी दिसतो अशी समजूत. केरळमध्ये कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी, कार्यकर्त्या विजी यांच्या पुढाकाराने, बसायच्या हक्कासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात तो हक्क आला. तामिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. मुंबईतल्या दुकानदारांनी कायद्याची वाट बघायची काही गरज नाही.

पाण्याचंही तसंच. गाळ्यात संडास नसतो, जवळचं सार्वजनिक मुतारीघर बायकांसाठी धड नसतं, म्हणून काउंटरवरची मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, आणि ती कहाणी गिऱ्हाइकाला. शहरात 2011 पासून "राईट टू पी" ची, म्हणजे लघवीच्या हक्काची मोहीम चालू आहे ती याच कारणासाठी. या मुलीला "गिऱ्हाइकासमोर असलं बोलू नकोस" असं बजावणाऱ्या मालकाने आधी शेजारच्या हॉटेलवाल्याशी बोलून तिच्यासाठी संडासाची सोय करावी, मग शिष्टाचार शिकवावा.

रजेचं गणित तर कित्येकांना माहीतच नसतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बुडते. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) येत असेल, तर पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. म्हणजे 16,000 पगारावर कामगाराचे 120 आणि मालकाचे 520. सहा महिन्यांच्या मुदतीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर विम्याच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत. ते किरकोळ रजेतून काढायचे. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी वेगळा, जास्त मुदतीचा लाभ आहे. पगाराच्या चिठ्ठीवर 120 रुपयांची कपात वर्षानुवर्षं बघणारा माणूस, पैसे कापले जातील म्हणून तापात कामावर येतो आणि गिऱ्हाइकांना ताप सांगत बसतो, याहून मोठा विनोद नाही. लहान दुकानं या तरतुदींच्या बाहेर राहतात हे खरं, आणि तिथे सगळं मालकाच्या मनावर असतं.

मालकाला सांगायचीही एक रीत आहे. "बरं वाटत नाही" एवढ्याने काही होत नाही, कारण त्यावर मालकाला करण्यासारखं काही नसतं. शिफ्टच्या आदल्या रात्री, निदान निघायच्या आधी, मेसेज टाकावा: "कंबर धरली आहे. गठ्ठे उचलता येणार नाहीत, माळ्यावर चढता येणार नाही. बसून काउंटर आणि बिलिंग सांभाळतो. गुरुवारी डॉक्टरकडे जायचं आहे, त्यानंतर कळवतो." काय जमणार नाही, काय जमेल, किती दिवस. बोलून सांगितलं असलं तरी लेखी टाकावं. पुढे "सांगितलंच नव्हतं" असं म्हणायला जागा राहत नाही. आजाराचं नाव यात यायलाच हवं असं नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्याने संमतीशिवाय ते उघड करायला बंदीच आहे.

या नावावरून मालकही चुकतात, आणि कामगारांपेक्षा वाईट चुकतात. नेहमीचं गिऱ्हाईक विचारतं, "आज ती दिसत नाही?" गल्ल्यावरून उत्तर येतं, "अहो, तिचं गर्भाशय काढलं, महिनाभर नाही यायची." ती महिन्याने परत येते तेव्हा प्रत्येक खुर्चीतून तिला विचारणा होते, आणि मग तिनेच सगळं सांगायला सुरुवात केली की ती "फार बोलते." "रजेवर आहे, 5 तारखेपासून येईल, तोवर तुमचं काम ही करेल," एवढ्या उत्तराने गिऱ्हाइकाची सोय होते आणि तिची अब्रूही राहते.

दोन कामगारांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलणं हाही त्यातलाच प्रकार. एक केस धुतेय, दुसरी शेजारच्या खुर्चीवर. इंजेक्शन, टाके, पू, सगळं आरपार. आपण तर गिऱ्हाइकाशी बोललोच नाही, असं दोघींना वाटतं. बेसिनमध्ये मान अडकलेल्या बाईला मात्र ते मधोमध ऐकावं लागतं. हे बोलणं मागच्या खोलीत, चहाच्या वेळी व्हावं. आणि त्यासाठी मागे खोली आणि चहाची वेळ दोन्ही हवीत.

घरकाम करणाऱ्या बाईला हा नियम लावू नये. तिच्यासमोरची वहिनी गिऱ्हाईक नसते, मालकीण असते. "गुडघे दुखतात, फरशी बसून पुसत नाही, मॉप द्या" हे तिने योग्य माणसालाच सांगितलेलं असतं, आणि त्यावर "हिचं रोजचंच" म्हणणाऱ्यांना हा लेख आपल्या बाजूचा वाटू नये.

गिऱ्हाइकांकडेही काही येतं. कुणी दुखणं सांगितलं की मुंबईकर गिऱ्हाईक लगेच ओवा, एरंडेल, आपल्या मामेभावाचा हाडांचा डॉक्टर आणि एका बाबांचं तेल सुचवतं, आणि पाच मिनिटांचं बोलणं वीस मिनिटांचं होतं. त्यात आपली दुखणी जोडली की अर्धा तास. नकोच असेल तर "आज जरा डोळे मिटून पडते" असं खुर्चीत बसतानाच सांगावं, कुणाला वाईट वाटत नाही. गल्ल्यावर जाऊन तक्रार करण्याआधी एकदा त्या माणसालाच सांगून पाहावं, कारण तक्रारीचा शेवट अनेकदा पगार कापण्यात होतो. खोकणारा कुणी जेवण वाढत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सरळ मालकालाच गाठावं.

आणि मोरपंखी हवी असेल तर ती बघावी. "तुम्ही बसा दादा, त्या मुलाला काढायला सांगा," म्हणावं, खांद्यावर टाकून आरशात पाहावं, आवडली नाही तर आणखी एक मागावी.